येळवशीचा फोटो आणि त्याची तयारी



आज पिकाची नोंद थोडी आणि फोटोची जास्त. परवा येळवस. दर साली येतात तशी सगळी मंडळी शेतात येणारच, पण औंदा धाकट्या भावाच्या पोरीनं पुण्यावरून फर्मान काढलंय. सगळ्या घरादाराचा फोटोशूट करायचा, शेतातच करायचा, आणि चांगला कॅमेरावाला बोलवून करायचा. गेले पंधरा दिवस त्याच नादात आहे. पेरणीची तयारी केली, लग्नांची केली, पण फोटोची तयारी हे काम आयुष्यात पहिलंच. जे जे ठरवलं ते इथं लिहून ठेवतो. कुणाला करायचं असलं तर कामाला येईल.

बाहेरच्या जिल्ह्यातले लोकही हे वाचतात, म्हणून येळवस म्हणजे काय ते आधी सांगतो. मार्गशीर्षातली अमावस्या. आमच्या लातूर-धाराशिवकडं, सोलापूरच्या काही भागात आणि पलीकडं कर्नाटकात त्या दिवशी गाव रिकामं आणि शिवार भरलेलं असतं. शेतात कडब्याची कोप उभी करायची, आत पाच पांडव म्हणून पाच दगड चुन्यानं रंगवून मांडायचे. पूजा झाली की पिकावर आंबील शिंपडायची. मग जेवण. आंबील, भज्जी, उंडे, गव्हाची खीर. रस्त्यानं जाणारा कुणी का असंना, हाक मारून पंगतीला बसवायचा. ओळखीचा आहे का नाही ते विचारायचं नाही. दिवस मावळला की गवताची पेंडी पेटवून, त्याला आम्ही हेंडगा म्हणतो, पिकाभोवती फिरवायचा आणि घरी यायचं.

तेव्हा तारीख ठरवायचं काम नव्हतं. पुण्याचे, लेकीबाळी, पाहुणे, सगळे एका जागी सापडायचा दिवस वर्षात हाच. दिवाळीला निम्मे येतात, येळवशीला सगळे. बाकीचं मात्र ठरवावं लागलं.

पहिलं काम फवारणीचं. हरभरा 20 ऑक्टोबरचा आहे, आता घाटे धरलेत आणि घाटेअळी दिसाया लागलीय. पंधरा दिवसांपूर्वी मीटरभर ओळीत एखादी होती, परवा मोजली तर काही ठिकाणी दोन. म्हणजे फवारणीची पातळी गाठली. पण येळवशीला काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. लेकरं शेतात पोचली की पहिलं डहाळे उपटतात आणि धुवायच्या आधी तोंडात घालतात. भज्जीतही ओला हरभरा जातो. म्हणून कोपीकडचं आठ-दहा गुंठं बाजूला ठेवलं. तिथं फक्त निंबोळी अर्क 5 टक्के मारला, म्हणजे 5 किलो निंबोळीचा अर्क 100 लिटर पाण्यात, आणि पक्षीथांबे वाढवले. विषारी औषध पलीकडच्या तुकड्यात, तेही दोन आठवडे आधीच उरकलं आणि मधी चार तासं मोकळी सोडली. औषधाच्या लेबलवर काढणीच्या आधी किती दिवस थांबायचं ते छापलेलं असतं. ते वाळलेल्या हरभऱ्यापुरतंच आहे असं धरू नका, डहाळ्यालाही तेच लागू. फोटो काढा नाहीतर नका काढू, एवढं मात्र येळवशीच्या आधी सगळ्यांनीच बघा.

दुसरं पाण्याचं. हरभऱ्याला घाटे भरताना एक पाणी द्यायचं होतं. ते आठ दिवस आधीच दिलं. आपली काळी भारी जमीन, पाणी दिल्यावर चार दिवस पाय ठेवू देत नाही. चपलेला किलोकिलोचे गोळे चिकटतात, आणि पुण्याची मोटार बांधापाशीच रुतून बसती. आता वरून सुकलंय, खाली ओल आहे. पायाला भुई मऊ लागते पण चिकटत नाही.

तिसरं जागेचं. पुतणीला वाटत होतं की ज्वारीत उभं राहून फोटो काढावा. तिला सांगितलं, बाई, आपली मालदांडी आहे, 5 ऑक्टोबरची पेर, आता निसवून फुलोऱ्यात आलीय. दोन मीटरच्या वर गेलीय. त्यात शिरल्यावर दाजींचं टोपडं तेवढं दिसंल. शिवाय औंदा पानावर थोडा चिकटा आहे, इरकलीच्या साड्यांचं वाटोळं होईल. काठाला करडई लावलीय जनावरं आत शिरू नयेत म्हणून, ती काट्याची. मग जागा धरली ती तूर काढलेल्या पट्ट्याची. बीडीएन 711 लवकर निघते, त्यामुळं तो पट्टा मोकळा आहे. मागं ज्वारी भिंतीसारखी उभी, डाव्या अंगाला हरभरा, उजवीकडं कोप. तुरीची धसकटं तेवढी टोकदार होती, ती दोन दिवस खपून खांदून काढली. माय अनवाणीच येणार, तिला शेतात चप्पल घालून चालल्यालं आवडत नाही.

चौथं वेळेचं. कॅमेरावाला पोरगा येऊन जागा बघून गेला. त्याचं म्हणणं, दुपारी बारा-एकला फोटो काढला तर डोळ्याखाली काळं येतं, सगळे आठ दिवस झोपले नाहीत असं दिसतंय. एक तर सकाळी आठ-नऊच्या आत काढा, नाहीतर दिवस कलल्यावर. सकाळचं मला बरं वाटत होतं, लेकरं तोवर स्वच्छ असतात. पण आमची मालकीण म्हणली, "रातीच्या दोनला उठून आम्ही भज्जी-उंडे करायचे, डोक्यावर पाटी घेऊन चालत यायचं, आणि तसंच घामाघूम उभं राहायचं? सगळ्या फोटूत बायका वाढताना दिसतेत, नाहीतर दिसतच नाहीत. मला बसल्यालं दिसू द्या." यावर कुणाला काही बोलायला जागाच नव्हती. मग साडेचारची वेळ धरली. जेवणं झालेली, भांडी आवरलेली, बायकांनी तासभर पाठ टेकलेली. दिवस मावळायला पावणेसहा होतात, मधी तासभर चांगला उजेड मिळतो. पुणेकरांना आधीच बजावलंय की चारला मोटारीकडं पळायचं नाही, मुक्काम करायचा, दुसऱ्या दिवशी जा.

पाचवं कपड्याचं. पुतणीनं मोबाईलवर चार फोटो पाठवले. त्यात घरातले झाडून सगळे पांढऱ्या-बदामी कपड्यात. मायला दाखवले. माय बघून म्हणली, "हे काय, दहाव्याला आलेत का?" तिथंच तो विषय मिटला. आता ज्याला येळवशीला जे नेसायचं ते नेसा. मायची हिरवी इरकल आहे, बाईची लाल. मी धोतर-टोपी. पोरांनी जीन घालावी, नातीनं तिचं फुलाफुलाचं झबलं. शेतात सगळे रंग असतात, माणसांनी एकसारखं कशाला दिसायचं.

सहावं ड्रोनचं. ड्रोन घेतला तर दोन हजार वर, असं तो म्हणला. पैशाचा प्रश्न नव्हता. विहिरीवरच्या वडाला आग्या मोहोळ लागलंय. वर घरघर करणारं यंत्र फिरवायचं आणि खाली सतरा माणसं बसवायची, हे कुणाच्या हिताचं नाही. ड्रोन नको म्हणून सांगितलं. अत्तर आणि उग्र सेंटही कुणी मारून येऊ नका असं सगळ्यांना कळवलंय. हेंडगा पेटवायचा तोही वडाच्या बाजूनं न्यायचा नाही. ही माहिती तुम्हीही ध्यानात धरा, कारण येळवशीला झाडाखाली चूल पेटवताना वर बघायचं राहून जातं.

इथवरची तयारी हातापायाची होती. खरी तयारी मायची होती.

माय फोटो काढून घेत नाही. म्हणजे आधारचा काढला, बँकेचा काढला, जिथं सरकारला लागतो तिथं बसली. पण घरात, लग्नात, बारशात कुणी मोबाईल उचलला की पदर तोंडावर घेऊन उठून जाते. पोरांना वाटायचं आज्जी लाजते. तसं नाही.

आमचं गाव किल्लारीच्या पट्ट्यातलं. 30 सप्टेंबर 1993, पहाटेचे 3 वाजून 56 मिनिटं. गणपती उठवून लोक नुकते झोपले होते. घरं दगड-मातीची, वर मातीचं माळवद. मी एकवीस वर्षांचा होतो. मी आणि धाकटा भाऊ राखणीला शेतात होतो, माळ्यावर झोपलेलो. शेतात होतो म्हणून राहिलो, यापेक्षा त्याला दुसरं काही कारण नाही. मायला दुपारच्याला बाहेर काढलं. आण्णा आणि धाकटी बहीण, ती चौथीत होती, दोघं गेले. थोरली बाई सासरी होती, तिचं गाव लांब.

घरात फोटो असा एकच होता. आण्णा आणि माय तुळजापूरला गेले तेव्हा स्टुडिओत काढलेला, मागं पडद्यावर बंगला आणि नारळाची झाडं. काचेच्या चौकटीत देवळीवर होता. तो घराबरोबर गेला. धाकटीचा तर कधी काढलाच नव्हता. चौथीतल्या पोरीचा फोटो कोण काढतंय त्या काळात.

पुढच्या आठ दिवसांत आमच्या गावात जेवढे कॅमेरे आले तेवढे आधीच्या शंभर वर्षांत आले नव्हते. मदतीला आलेली माणसं देवासारखी होती, जवानांनी हातानं दगड उपसले, लांबलांबच्या गावांनी भाकरी पाठवल्या. त्यांच्याबद्दल माय आजही हात जोडून बोलते. ती बोलते ते फक्त कॅमेऱ्याचं. ढिगाऱ्यापाशी बसलेली असताना तिचे कितीतरी फोटो निघाले. ते कुठं छापले, कुणी बघितले, ठाऊक नाही. आमच्या हातात त्यातला एकही नाही. त्यानंतर जे फोटो निघाले ते सगळे फायलीचे. जमिनीच्या मापावर घराचं माप ठरलं, 250, 400 नाहीतर 750 चौरस फूट, आणि प्रत्येक कागदावर पासपोर्ट साईज. आम्हाला 400 चं मिळालं. नवं गाव जुन्यापासून लांब वसलं, शेत मात्र होतं तिथंच राहिलं. त्या 400 चौरस फुटाच्या घरात तीस वर्षांहून जास्त झाली, भिंतीवर देवाचे फोटो आहेत, कॅलेंडर आहे. माणसांचा फोटो नाही.

पुतणीला हे सगळं तुकड्या-तुकड्यानं माहीत होतं. तिनं आज्जीला फोन लावला तेव्हा मी ओट्यावर बसून विळ्याला धार लावत होतो, फोन मोठ्यानं लावलेला, म्हणून ऐकू आलं. माय म्हणली, "बाई, तुमचे तुम्ही काढा. माझं नगं. माणसं व्हती तवा कुणी फोटू काढाया आलं नाही. गेली तवा गावभर फोटूवाले. त्यातल्या एकानं तरी इचारलं का, माय, जेवलीस का?"

पोरगी थोडा वेळ गप्प बसली. मग एवढंच म्हणली, "आज्जी, आत्या कशी दिसायची?"

माय लगेच काही बोलली नाही. माझा हातही थांबला. घरात तिच्या दिसण्याबद्दल कुणी कुणाला विचारत नाही. मग माय म्हणली, "तुझ्यावाणीच. हसताना वरचा व्हट दातावर चढायचा. तुझा चढतोय तसा." आणि जरा थांबून, "बरं, बसते. पण तो फोटूवाला आधी पंगतीत जेवल. पोटभर जेवल. मग त्यानं तोंडाम्होरं कॅमेरा धरावा."

कॅमेरावाल्याला तसं कळवलं. तो हसला, म्हणला येळवशीला जेवायला कोण नाही म्हणतंय. त्याला पुरतं कळलं का नाही ते देव जाणे, पण साडेचारच्या जागी बाराला येतो म्हणलाय, ते महत्त्वाचं.

त्याच पोरानं आणखी एक सुचवलं, चांगल्या मनानंच. आण्णांचा जुना फोटो असला तर द्या, कॉम्प्युटरवर तुमच्या मागं उभं करतो, ओळखू येणार नाही. फोटो नाही म्हणलं, तर म्हणे वर्णन सांगा, तुमच्या तोंडावळ्यावरून नव्या तंत्रानं तयार करतो, धाकटीचाही करतो. मी घरी येऊन मायला सांगितलं, कारण हे माझ्या एकट्याचं नव्हतं. मायनं ऐकून घेतलं आणि म्हणली, "बनिवल्याला माणूस औत धरल का?" विषय संपला. ज्यांना असं करून बरं वाटतं त्यांना माझा विरोध नाही. ज्यांच्याकडं जुना फाटका फोटो आहे त्यांनी तो जरूर नीट करून घ्यावा. पण आमच्याकडं मूळच नाही. ज्याचं बी नाही त्याचं रोप कुठून आणायचं? उद्या माझी नात तो बनवलेला चेहरा बघून हेच माझे पणजोबा म्हणंल, आणि ते आण्णा नसतील.

फोटोत कोण कोण, याचीही चर्चा झाली. घरातले सगळे मिळून पंधरा. माय, आम्ही दोघं, मुलगा, सून, नातू, नात. भाऊ, भावजय, त्यांची पोरगी आणि पोरगा. थोरली बाई, दाजी, भाचा आणि भाचेसून. मुलगा म्हणला, फॅमिली फोटो आहे तर एवढेच. पण आमच्याकडं एकोणीस वर्षं सालगडी म्हणून राहिलेला माणूस आणि त्याची बायको, त्यांचं काय? ज्या ज्वारीम्होरं बसून फोटो काढायचा ती त्या दोघांनी माझ्याबरोबर खुरपलीय. ते दोघं बाजूला उभे राहून आमचा फोटो बघणार का? माय म्हणली दोघंही बसतील, आणि तो फोटोची एक प्रत घरी नेईल. म्हणून सतरा.

आता कागदाचं. मंडळी, मोबाईलमधल्या फोटोला फोटो धरू नका. मोबाईल पाण्यात पडतो, चोरीला जातो, भरला म्हणून लेकरं पुसून टाकतात. मी कॅमेरावाल्याला चार मोठ्या प्रती सांगितल्यात. एक आमच्या भिंतीवर, एक पुण्याला, एक बाईच्या घरी, एक सालगड्याकडं. चार वेगवेगळ्या घरांत ठेवायचं कारण आमच्याकडं कुणाला समजावून सांगावं लागत नाही. बियाण्याचं आपण तेच करतो, सगळं एका कणगीत ठेवत नाही. लावायची ती भिंत अशी धरा की तिथं थेट ऊन येणार नाही, आणि मागच्या बाजूला ओल नसावी.

आणि मागं लिहायचं. हे सगळ्यात महत्त्वाचं. जुने फोटो असलेली घरं मी बघितलीत, फोटो असतो पण हा कोण आणि ती कोण हे सांगणारं कुणी उरलेलं नसतं. माझ्या वहीत मी प्रत्येक पिकाची नोंद ठेवतो, पेरणीची तारीख, वाण, पाणी, फवारणी. तशीच नोंद फोटोच्या मागं. मजकूर आधीच लिहून ठेवलाय, असा:

"येळवस. तूर काढलेला पट्टा. काळी भारी जमीन. मागं ज्वारी मालदांडी, फुलोऱ्यात, कोरडवाहू. डावीकडं हरभरा, घाटे भरताना एक पाणी दिलेला. काठाला करडई. उजवीकडं कोप. हजर 17."

त्याखाली सतरा नावं, डावीकडून उजवीकडं, नात्यासकट. त्याच्याही खाली मी आण्णांचं आणि धाकटीचं नाव लिहिलं होतं आणि नावाआधी 'कै.' घातलं होतं. मायला लिहिता-वाचता येत नाही, म्हणून वाचून दाखवलं. ती म्हणली, "तसं नगं. आले नाहीत, असं लिही." तर तसं केलंय. हजर 17, आले नाहीत 2.

बाकी पिकाची नोंद. ज्वारीला थंडी चांगली मानवलीय, चिकटा आहे पण खालच्या पानावर, वर चढला तर बघू. हरभऱ्यात कामगंध सापळ्यात पतंग कमी व्हायला लागलेत. तुमच्याकडं घाटेअळी किती आहे आणि काय मारलं ते लिहा, इथं बऱ्याच जणांना उपयोग होतो.

परवा आमच्या शिवारावरून जाणार असाल तर थांबा. फोटो साडेचारला आहे, जेवण बारापासून. आंबील मोप केलीय.